सेत्सुको हारा: सिनेमा संपल्यावर हमखास विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा मी जुना सिनेमा दाखवते. प्रोजेक्टर माझा, सतरंज्या सोसायटीच्या, थर्मासमधला चहा ज्याचा त्याचा. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' लावला की दर वेळी तेच होतं. दिवे लागतात, लोक चपला शोधायला लागतात आणि कुणीतरी एक पाय चपलेत घालून तिथेच थांबतं: "ती धाकटी विधवा सून झालेली बाई कोण हो?" ती जपानी अभिनेत्री सेत्सुको हारा. मग दुसरा प्रश्न, मग तिसरा, आणि वॉचमन किल्ल्या वाजवायला लागतो. ती सगळी उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवते आहे. अधूनमधून भर घालत जाईन.

नाव सेत्सुको हारा की हारा सेत्सुको? आणि ते खरं नाव होतं का?

जपानीत आडनाव आधी, म्हणून तिकडे हारा सेत्सुको. आपल्याला उलट क्रमाची सवय, म्हणून इथे सेत्सुको हारा. दोन्ही बरोबर. खरं नाव मात्र दोन्ही नव्हे. घरचं नाव मासाए आइदा. जन्म १७ जून १९२०, योकोहामा. 'सेत्सुको' हे नाव तिला पहिल्याच चित्रपटातल्या भूमिकेवरून मिळालं. म्हणजे एका पात्राचं नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि पंधरा वर्षांची मासाए मागे राहिली. तिला विसरू नका, शेवटी ती परत येते.

आणि हो, मी तिला 'त्या' न म्हणता 'ती' म्हणते. पडद्यावरच्या माणसांना आपण एकेरीतच हाक मारतो. त्यात अनादर नाही.

ती सिनेमात आली कशी? हौस होती का?

हौस फारशी दिसत नाही. घरात भावंडं बरीच आणि पैशाची ओढाताण. मोठ्या बहिणीचा नवरा हिसातोरा कुमागाई हा निक्कात्सु कंपनीत दिग्दर्शक. त्याच्या सांगण्यावरून शाळा अर्धवट सोडून ती १९३५ मध्ये निक्कात्सुच्या स्टुडिओत दाखल झाली. घरी पगार यायला हवा होता, हे कारण. पुढे तिच्याबद्दल जे काही गूढ-बिढ लिहिलं गेलं ते वाचताना हे कारण मनात ठेवलं तर बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

दुसऱ्याच वर्षी सादाओ यामानाका या दिग्दर्शकाच्या 'कोचियामा सोशुन'मध्ये ती दिसते. सोळाची असेल-नसेल. यामानाका पुढे सैन्यात गेला आणि १९३८ मध्ये चीनमध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी आजाराने वारला. त्याचे जेमतेम तीन चित्रपट आज शिल्लक आहेत. त्यातल्या एकात ही मुलगी आहे, एवढ्यासाठी तरी तो बघावा.

जर्मनीशी तिचा काय संबंध? कुणीतरी म्हणालं ती नाझी सिनेमात होती.

हा प्रश्न आला की हॉलमध्ये जरा शांतता पसरते, म्हणून सविस्तर सांगते.

आर्नोल्ड फांक हा जर्मनीत बर्फाच्या डोंगरांवरचे चित्रपट काढणारा दिग्दर्शक. पुढे नाझींचे प्रचारपट काढणाऱ्या लेनी रिफेनश्टालला पडद्यावर त्यानेच पुढे आणलं. १९३६ मध्ये जर्मनी-जपान मैत्रीचा एक संयुक्त चित्रपट करायला तो जपानमध्ये आला. सोबतीला जपानी दिग्दर्शक मान्साकु इतामी. दोघांचं पटेना, आणि शेवटी चित्रपटाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या निघाल्या! जर्मनीत नाव 'सामुरायची कन्या', जपानमध्ये 'नवी भूमी'. गोष्ट अशी की युरोपात शिकून आलेला तरुण घरच्यांनी ठरवलेलं लग्न नाकारतो. ती वाग्दत्त वधू म्हणजे आपली सेत्सुको. लग्नाचा किमोनो घेऊन ती जीव द्यायला ज्वालामुखीचा डोंगर चढते. फांकच तो, त्याला डोंगराशिवाय चैन कुठलं! शेवटी त्या तरुणाला उपरती होते, आणि दोघं चीनमधल्या मांचुरियात जाऊन ट्रॅक्टरने जमीन नांगरतात. शेजारी बंदूकधारी जपानी सैनिक पहारा देत उभा. 'नवी भूमी' ती हीच, जपानने बळकावलेली. प्रचार किती उघड असावा याचा हा नमुना. यातली पडद्यामागची युक्तीची दृश्यं एइजी त्सुबुराया याने केली. पुढे गॉडझिला उभा केला तोच हा माणूस.

मार्च १९३७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ती सैबेरियातून रेल्वेने बर्लिनला गेली. बरोबर चित्रपट वितरक नागामासा कावाकिता, त्यांची पत्नी आणि मेहुणा कुमागाई. जर्मनीत सत्कार, पुढे पॅरिस, मग अमेरिका आणि जुलैत घरी. त्याच महिन्यात जपान-चीन युद्ध पेटलं. किमोनोतली मुलगी आणि भोवती टाळ्या वाजवणारे जर्मन, असे त्या दौऱ्याचे फोटो बघताना पोटात कसंसंच होतं. पण त्या मुलीने यातलं काय ठरवलं होतं, असं विचारलं तर उत्तर सोपं आहे: काहीच नाही.

म्हणजे नंतरही प्रचारपट केले?

केले. ती तोहो कंपनीत आली होती आणि युद्धकाळात तोहो युद्धपट काढत होती. पर्ल हार्बरच्या पहिल्या वर्षपूर्तीला आलेला 'हवाईपासून मलायापर्यंतचं सागरी युद्ध' (१९४२) हा त्यातला सर्वांत गाजलेला. त्यात ती तरुण नौदल वैमानिकाची बहीण आहे. अशा पात्राकडे काम एकच: दारात उभं राहून निरोप द्यायचा. मेहुणाही याच काळात कट्टर राष्ट्रवादाकडे झुकला. या चित्रपटांबद्दल तिची वकिली करणार नाही, आणि तिला एकटीला धारेवरही धरणार नाही. त्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक जपानी नटनटीच्या यादीत अशी दोन-चार नावं सापडतील.

दिग्दर्शक अकिरा कुरोसावाने तिला घेतलं होतं ना?

दोनदा, आणि दोन्ही वेळा ओझूच्या सेत्सुकोशी काही साम्य नाही अशा रूपात.

पहिला 'नो रिग्रेट्स फॉर अवर यूथ' (१९४६). पराभवाला वर्षच झालेलं, देशावर अमेरिकन अंमल. गोष्टीला आधार दोन खऱ्या घटनांचा: १९३३ मध्ये क्योतो विद्यापीठातल्या प्राध्यापक ताकिगावांना सरकारने हटवलं ते प्रकरण, आणि हेरगिरीच्या आरोपाखाली १९४४ मध्ये फाशी गेलेले पत्रकार होत्सुमी ओझाकी. सेत्सुको झाली आहे प्राध्यापकाची लाडावलेली, पियानो वाजवणारी मुलगी युकिए. नवरा कोठडीत मरतो आणि ती त्याच्या खेड्यात सासूसासऱ्यांकडे जाते. गावाने त्या घराला हेराचं घर म्हणून वाळीत टाकलेलं. ही पियानोवाली पोरगी सासूच्या बरोबरीने चिखलात उतरून भाताची लावणी करते. अंगात ताप, पाय रुततायत, तरी हात थांबत नाहीत. रात्रीतून गावकरी सगळं रोप उपटून टाकतात. ती पुन्हा लावायला बसते. कोकणात किंवा मावळात आवण लावलेल्या माणसाने हा भाग बघावा. कंबर दुखायला लागते.

दुसरा 'द इडियट' (१९५१), दोस्तोयेव्हस्कीची कादंबरी उचलून बर्फाळ होक्काइदोत नेलेली. काळ्या झग्यातली, नोटांचं पुडकं शेकोटीत भिरकावणारी ताएको. कंपनीने साडेचार तासांचा चित्रपट कापून पावणेतीन तासांवर आणला. मला तो पूर्ण कळलाय असं म्हणणार नाही, पण तिचे डोळे त्यात भीती वाटावी असे आहेत.

ती तोहोची, तर ओझूच्या शोचिकु कंपनीत कशी?

यामागे संप आहे. १९४६ ते ४८ या काळात तोहो स्टुडिओत कामगारांचे तीन मोठे संप झाले. तिसऱ्याच्या वेळी तर पोलिसांच्या जोडीला अमेरिकन रणगाडे दाराशी येऊन थांबले. दुसऱ्या संपाच्या वेळी दहा नटनट्या संघटनेतून बाहेर पडल्या, त्यात सेत्सुको हारा आणि हिदेको ताकामिने दोघी होत्या. या फुटीतून शिनतोहो ही नवी कंपनी निघाली. सेत्सुको मात्र थोड्याच दिवसांत कुणाचीच न राहता मोकळी काम करायला लागली. नटनट्या कंपन्यांच्या दावणीला बांधलेल्या असण्याच्या त्या काळात ही मोकळीक मोठी होती. म्हणूनच १९४९ हे एकच वर्ष बघा: तादाशी इमाईचा 'निळी पर्वतरांग', किनोशिताचा विनोदी प्रेमपट आणि ओझूचा 'लेट स्प्रिंग'. 'किनेमा जुन्पो' या जपानी सिनेमासिकाच्या त्या वर्षीच्या उत्कृष्ट चित्रपटांच्या यादीत पहिला 'लेट स्प्रिंग', दुसरा 'निळी पर्वतरांग'. दोन्हींत ती.

ओझूबरोबरचे सिनेमे किती? सुरुवात कुठून करू?

सहा. 'लेट स्प्रिंग' (१९४९), 'अर्ली समर' (१९५१), 'टोकियो स्टोरी' (१९५३), 'टोकियो ट्वायलाइट' (१९५७), 'लेट ऑटम' (१९६०) आणि 'द एंड ऑफ समर' (१९६१).

सगळे 'टोकियो स्टोरी'पासून सुरू करतात. २०१२ मध्ये ब्रिटिश नियतकालिक 'साइट अँड साउंड'ने जगभरच्या दिग्दर्शकांकडून कौल घेतला त्यात तो पहिला आला, तेव्हापासून तर जास्तच. माझं मत विचाराल तर 'अर्ली समर' आधी बघा. त्यात हसायला येतं. ओझू म्हणजे संथ आणि रडका अशी जी धास्ती लोकांनी घेतलेली असते ती उतरते.

पहिल्या तिघांत तिचं नाव नोरिकोच आहे. ती एकच बाई का?

नाही. नाव एकच, बायका तीन, घरं तीन.

'लेट स्प्रिंग'मधली नोरिको विधुर प्राध्यापक वडिलांबरोबर कामाकुरात राहते. वय सत्तावीस, लग्न नको. आत्या मागे लागते, वडील स्वतःच्या दुसऱ्या लग्नाचं खोटंच सांगतात आणि ती तयार होते. लग्न लावून दिल्यावर रिकाम्या घरात वडील सफरचंद सोलत बसतात. सालीची लांब पट्टी खाली लोंबते आणि मान झुकते. एवढाच शेवट.

'अर्ली समर'मधली नोरिको अठ्ठावीसची, ऑफिसात नोकरी करणारी, मैत्रिणींशी खिदळणारी. साहेबांनी चांगलं स्थळ आणलंय आणि घरचे खूश आहेत. शेजारच्या घरातला डॉक्टर बायको गेलेला, पदरात लहान मुलगी. त्याची बदली दूर उत्तरेला झाली आहे. निरोप घ्यायला नोरिको गेलेली असताना त्याची आई सहज बोलून जाते: तुझ्यासारखी सून मिळाली असती तर! आणि ही म्हणते, मी चालेन का? म्हातारीला आनंदाने काय करावं सुचत नाही. डोळे पुसते, आणि एकदम विचारते: अनपान खाणार? अनपान म्हणजे आत गोड घेवड्याचं पुरण भरलेला पाव. आयुष्याचा निर्णय आणि पाव एकाच श्वासात! आपल्याकडच्या एखाद्या काकूने "थांब गं, लाडू आणते" म्हणावं तसं. मग घरी येऊन सांगितल्यावर सगळ्यांचे चेहरे पडतात आणि ही एकटी बसून चहाभात खाते.

तिसरी 'टोकियो स्टोरी'तली. नवरा युद्धात जाऊन आठ वर्षं झालेली, एका खोलीत राहते. ओनोमिची गावाहून आलेल्या सासूसासऱ्यांसाठी पोटच्या मुलांना वेळ नाही, ही नोकरीतून रजा काढून त्यांना शहर दाखवते. त्यांच्यासाठी साके, म्हणजे तांदळाची दारू, हवी तर शेजारणीकडून उसनी आणते.

एक गंमत. चिशू र्‍यू हा नट या तीन चित्रपटांत अनुक्रमे तिचा बाप, भाऊ आणि सासरा आहे, वयाने तिच्याहून फक्त सोळा वर्षांनी मोठा. आणि हारुको सुगिमुरा ही एकटी बाई तिची आत्या आहे, शेजारची म्हातारी आहे, 'टोकियो स्टोरी'तली फटकळ नणंद आहे आणि कुरोसावाच्या चिखलातली सासूसुद्धा तीच. सगळी नाती एकाच घरात!

तिच्या हसण्याचं एवढं काय?

पहिल्यांदा बघणाऱ्यांची तक्रार असते की ती सारखी हसते. खरं आहे. ओझूने तेच वापरलंय.

'लेट स्प्रिंग'मधलं नो नाटकाचं (नो म्हणजे मुखवटे घालून करायचं जुनं जपानी नाटक) दृश्य घ्या. वडील आणि मुलगी शेजारी बसून नाटक बघतायत. वडील पलीकडे बसलेल्या एका विधवा बाईला मान लववून नमस्कार करतात. नोरिकोही करते, हसून. मग तिची नजर त्या बाईकडून वडिलांकडे, वडिलांकडून परत तिकडे. हसू कुठे गेलं ते कळत नाही, पण ते गेलेलं असतं. मान हळूहळू खाली जाते. नाटक चालूच आहे, एक अक्षर कुणी बोललेलं नाही. मी हे दृश्य एकदा हॉलमध्ये मागे नेऊन परत लावलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "आता परत लावू नकोस, बिचारीला त्रास होतोय."

आणि 'टोकियो स्टोरी'चा शेवट. सासूचे दिवसकार्य आटोपून भावंडं परत गेलेली. धाकटी नणंद क्योको चिडून विचारते, आयुष्य म्हणजे नुसती निराशाच असते का? नोरिको हसते, छान हसते, आणि म्हणते, हो, असते. तो होकार आणि ते हसू यांचा मेळ बसत नाही, म्हणून ते घरी जाताना सोबत येतं. त्यानंतर सासरा तिला बायकोचं घड्याळ देतो आणि दुसरं लग्न कर म्हणतो. ती सांगते की मी तुम्ही समजता तेवढी चांगली नाही, लबाड आहे, अलीकडे नवऱ्याची आठवणही रोज येत नाही. इथे ते हसू पहिल्यांदा मोडतं. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती रडते. सहनशील आदर्श सून म्हणून तिला डोक्यावर घेणारे लोक हे वाक्य विसरतात. ती स्वतः सांगतेय की असं समजू नका.

(आपल्याकडे राजा परांजप्यांचा 'ऊन पाऊस' १९५४ चा. म्हाताऱ्या आईवडिलांची मुलांमध्ये वाटणी होते, त्याची गोष्ट. दोन्ही चित्रपट एकाच महिन्यात दाखवले तेव्हा चहा संपला तरी लोक उठेनात.)

तिला जपानी लोक 'मुळा' का म्हणायचे?

'दाइकोन' म्हणजे मुळा, आणि जपानी नाट्यव्यवहारात ठोकळा नटाला 'दाइकोन' म्हणतात. सुरुवातीच्या वर्षांत तिला हा शेरा बऱ्याचदा मिळाला: नुसता चेहरा, अभिनय शून्य. काही भूमिकांत ते अगदी खोटंही नव्हतं. उंच बांधा, मोठे डोळे, ठसठशीत नाक, त्यामुळे ती परदेशी रक्ताची असल्याच्या कंड्याही पिकल्या. नाटकी हावभाव तिला जमत नसत. ओझूला ते नकोच होते. त्याचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली, हलत नाही, आणि चेहरा सरळ समोर. तिथे थोडंसं जास्त केलं तरी खपत नाही. १९४९ मध्ये माइनिचि वृत्तपत्राचा उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार तिला मिळाला आणि मुळ्याचा विषय मागे पडला. २००० साली 'किनेमा जुन्पो'ने विसाव्या शतकातल्या जपानी अभिनेत्रींची यादी केली, पहिलं नाव तिचं.

ओझू सोडून एकच बघायचा तर?

मिकिओ नारुसेचा 'मेशि' (१९५१). मेशि म्हणजे भात, म्हणजेच जेवण. ओसाकात राहणारं, प्रेमविवाहाला पाच वर्षं झालेलं जोडपं. ती स्वयंपाकघरात, तो वर्तमानपत्रात. 'भूक लागली' याखेरीज नवऱ्याकडे वाक्य नाही. इथली सेत्सुको घामेजलेली आहे, तिचे केस विस्कटलेत, तांदळाच्या डब्यात किती उरलंय ते तिला पाठ आहे. ती चिडून माहेरी टोकियोला निघून येते. परत जाताना नवऱ्याला लिहिलेलं पत्र गाडीत फाडून खिडकीतून सोडून देते. सुखान्त की तडजोड यावर आमच्याकडे दोन बायकांचं भांडण होऊन त्या आठवडाभर बोलत नव्हत्या.

जमल्यास नारुसेचाच 'डोंगराचा आवाज' (१९५४) बघा, कावाबातांच्या कादंबरीवरचा. बाहेरख्याली नवरा, आणि जीव लावणारा सासरा. 'टोकियो स्टोरी'नंतर वर्षाच्या आतच आलेली ही सून नोरिकोपेक्षा कितीतरी एकटी आहे, आणि नवऱ्याचं मूल नको हे ती कुणाला न विचारता ठरवते.

ओझू आणि तिचं प्रेमप्रकरण होतं का?

तो आईबरोबर राहणारा ब्रह्मचारी, ती अविवाहित, एकत्र सहा चित्रपट. वृत्तपत्रांना आणखी काय हवं! लग्नाच्या अफवा त्या काळी छापून येत. पुरावा म्हणावं असं काही नाही. प्रसिद्धी खात्याने तिला 'चिरकुमारिका' हे बिरुद चिकटवलं होतं आणि ते विकलं जात होतं, हेही ध्यानात घ्या. ज्या बाईने पडद्यावर सासू, नणंद, मूल, घटस्फोट सगळं केलं तिला आयुष्यभर 'कुमारिका' म्हणत राहायचं, हे मला तरी चीड आणणारं वाटतं.

तिने बेचाळिसाव्या वर्षी सिनेमा का सोडला?

शेवटचा चित्रपट हिरोशी इनागाकीचा 'चुशिनगुरा' (१९६२), सत्तेचाळीस रोनिनांची, म्हणजे धनी गमावलेल्या सामुरायांची गोष्ट. त्यात ती त्यांचा म्होरक्या ओइशी याची पत्नी रिकु. भूमिका छोटी. शंभराहून अधिक चित्रपटांनंतर पुढे काही नाही.

सर्वत्र सांगितला जाणारा किस्सा असा, की तिने पत्रकारांना सरळ सांगितलं: अभिनय मला कधी आवडला नाही, घर चालवायला केला. यावर तिकडे फार नाराजी झाली म्हणतात. फसवणूक झाल्यासारखं वाटलं लोकांना. पण घरच्या पगारासाठी शाळा सोडलेल्या मुलीने हे म्हणावं यात धक्का बसण्यासारखं काय आहे?

बाकी कारणंही समोर आहेत. जुलै १९५३ मध्ये 'शिराउओ' या चित्रपटाचं चित्रण गोतेंबा स्थानकात चालू असताना तिचा कॅमेरामन भाऊ रेल्वेखाली सापडून गेला. चित्रपटात नायिका ती, दिग्दर्शक मेहुणा. 'टोकियो स्टोरी'तलं तिचं काम या घटनेला महिना-दोन महिने होत असताना झालेलं आहे. त्यानंतर आजारपण, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. १९५५ मध्ये ती परतली ती आईच्या भूमिकेत. 'लेट ऑटम'मध्ये तर चक्र पूर्ण फिरतं: 'लेट स्प्रिंग'चीच गोष्ट, फक्त लग्नाला नाही म्हणणारी मुलगी आता दुसरी कुणी आणि मागे एकटी राहणारी आई म्हणजे ही. अकरा वर्षांत सफरचंद तिच्या हातात आलं.

धंदाही बदलत होता. १९५८ मध्ये जपानमध्ये ११२ कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली, पाच वर्षांत हा आकडा निम्म्याच्या खाली आला. घरोघरी टीव्ही आले होते. आणि १२ डिसेंबर १९६३ ला, बरोबर साठाव्या वाढदिवशी, ओझू गेला. त्याच्या घरी ती आली, मासाए आइदा या नावाने. तिथून पुढे सेत्सुको हारा कुणाला दिसली नाही.

मग पुढची पन्नास वर्षं काय केलं?

राहिली. कामाकुरात, बहिणीच्या कुटुंबाच्या शेजारी. मुलाखत नाही, फोटो नाही, सत्काराला हजेरी नाही. पत्रकार फाटकापर्यंत येत, लांबून फोटो काढायचे प्रयत्न होत, घरचे लोक त्यांना परत पाठवत. 'जपानची गार्बो' (ग्रेटा गार्बो म्हणजे अशीच एकांतात गेलेली हॉलिवूडची नटी) वगैरे लेखांचे मथळे सजले. वाचन, घरकाम, भाचरं, यात एखाद्या बाईची पन्नास वर्षं जाऊ शकतात हे मथळा करणाऱ्यांना पटत नसावं.

ती कधी वारली?

५ सप्टेंबर २०१५, न्यूमोनियाने, पंचाण्णव वर्षांची होऊन. बातमी बाहेर आली २५ नोव्हेंबरला. मधले अडीच महिने जगाला पत्ता नव्हता. गाजावाजा करू नका, अशी तिची इच्छा होती असं तिच्या भाच्याने सांगितलं.

म्हणजे आपल्या सुचित्रा सेनसारखी?

हे हमखास येतं. १९७८ नंतर सुचित्रा सेनने दार लावून घेतलं आणि २०१४ मध्ये तिच्या निधनापर्यंत ते उघडलं नाही, एवढं साम्य आहे. पण सुचित्रा सेनला नवरा, मुलगी, नाती होत्या आणि मुलगी-नाती पडद्यावर आल्या. सेत्सुकोच्या बाबतीत मागे दाखवायलाही कुणी नाही.

'मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस' तिच्यावरच आहे का?

सातोशी कोनचा तो अ‍ॅनिमेशनपट (२००१) थेट चरित्र नाही. एकांतात गेलेली वृद्ध अभिनेत्री ही कल्पना तिच्यावरून सुचलेली, त्यात हिदेको ताकामिनेच्या आयुष्याचाही अंश. सुंदर आहे, जरूर बघा. मात्र त्यातली अभिनेत्री दार उघडते आणि सगळी कहाणी सांगते.

जपानला चाललोय, काही बघण्यासारखं आहे का?

टोकियोहून योकोसुका मार्गाच्या गाडीने किता-कामाकुराला उतरा. तासाभराचा रस्ता. 'लेट स्प्रिंग' सुरू होतो तो याच स्थानकाच्या चित्राने. फलाट अरुंद आहे, गर्दीत जपून. बाहेर आलात की समोरच एंगाकु-जी मंदिर. आत ओझूची कबर, काळ्या दगडावर नाव नाही, 'मु' एवढं एकच अक्षर, म्हणजे 'नाही', 'शून्य'. लोक पुढ्यात साकेच्या बाटल्या ठेवून जातात. तिचं घर मात्र विचारत फिरू नका. कुणी सांगणार नाही, आणि पाटीवर सेत्सुको हारा हे नाव कधीच नव्हतं.